काठी वाटली, पण शिकवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन झाला आणि दरवर्षीसारखे यंदाही त्याचे फोटो पेपरात आले. स्टेज, मागे फ्लेक्स, पाहुण्यांच्या हातात काठीचं एक टोक, घेणाऱ्याच्या हातात दुसरं आणि दोघांचीही तोंडं कॅमेऱ्याकडे, म्हणजे एक जण स्वतः बघतोय आणि दुसऱ्याची मान कोणीतरी धरून वळवलेली. मी सांगली-मिरज भागात अंध आणि कमी दिसणाऱ्या माणसांसाठी एक लहानशी संस्था चालवतो, त्यामुळे असल्या स्टेजवर कोपऱ्यात उभं राहायची वेळ माझ्यावरही येते. काठ्या वाटू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, आम्हीही घेतो आणि हात जोडून घेतो. पण त्या काठ्यांचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही म्हणून हे पत्र.

पुढे होतं असं की निम्म्याहून जास्त काठ्या दाराच्या मागे जातात. याचा सर्वे वगैरे काही नाही, पण आम्ही घरोघर जातो तेव्हा दिसतं ते. काठी घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीसकट, देवाच्या फोटोच्या वर खुंटीला टांगलेली. सायकल घेऊन दिली पण चालवायला शिकवलीच नाही तर ती अंगणातच गंजणार ना, तसंच आहे हे.

पहिली गोष्ट मापाची. लांब पांढरी काठी ही म्हाताऱ्या माणसाची टेकायची काठी नाही. जमिनीपासून साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत ती पोचायला लागते, म्हणजे प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे वेगळी. वाटपाला येतो तो खोका बहुतेक वेळा एकाच मापाचा असतो, मग पावणेसहा फुटी माणूस वाकून चालतो आणि ठेंगण्या बाईच्या हनुवटीपर्यंत मूठ येते. आखूड काठी खड्डा दाखवते ती पाय खड्ड्यात गेल्यावर. आणि फरशीच्या फटीत टोक अडकलं की मूठ सरळ पोटात घुसते, एकदोनदा असं झालं की माणूस काठीला हात लावत नाही. बरं, टोकाचंही तसंच. ते नायलॉनचं असतं, रोज वापरलं की झिजतं आणि बदलायला लागतं, पण सुटी टोकं वाटायचा कार्यक्रम मी तरी आजवर बघितला नाही. त्यात फोटोसारखं काही नाही हे मान्य. मग लोक तिथे सायकलच्या हँडलचं रबर बसवतात आणि त्याने काठीचा आवाजच मरतो, आणि अर्धं काम तर त्या आवाजाचं असतं.

आता शिकवण्याचं. काठी पुढे धरून चाचपडत जायचं असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नाहीये. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेले सैनिक अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या हॉस्पिटलात होते, तिथे रिचर्ड हूवर नावाच्या माणसाने १९४४ च्या सुमाराला ही लांब काठीची पद्धत बसवली, आणि आजही जगभर मूळ शिकवणं तेच आहे. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, डावा पाय पुढे तेव्हा उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. झोका खांद्यापेक्षा किंचितच रुंद, जास्त केला तर बाजूने जाणाऱ्याच्या पायात. मनगट हलवायचं, अख्खा हात नाही. ऐकायला सोपं वाटतं पण हे अंगात मुरायलाच काही आठवडे जातात, आणि हे झालं फक्त काठीचं. त्यानंतर रस्ता शिकायचा असतो. गाड्या आपल्याला समांतर जातायत की आडव्या, भिंतीवरून येणारा आवाज कुठे तुटला म्हणजे तिथे बोळ आहे, पिठाची गिरणी मागे गेली की किती पावलांवर वळायचं, बेकरीचा वास पहाटे येतो पण दुपारी येत नाही म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही. हे सगळं एकाला एक शिकवावं लागतं, रस्त्यावर, उन्हात. वर्गात वीस जण बसवून होत नाही. ट्रेनर मागे दोन पावलं अंतर ठेवून चालतो आणि शक्यतो बोलत नाही, कारण बोलत राहिलं की शिकणारा ट्रेनरच्या आवाजावर चालायला लागतो.

आमच्याकडे एक किराणा दुकानदार येतात, पन्नाशीचे, शुगरमुळे पडदा खराब होऊन दोन वर्षांत नजर गेली. दुकान आता मुलगा बघतो. घरचे वाईट नाहीत, उलट फार माया करतात आणि तोच घोळ आहे. पाणी हवं का बाबा, बसा, मी आणतो. बाथरूमला जायचं तरी नातू हात धरून नेणार. काठी त्यांना एका कार्यक्रमात मिळाली होती, पण ते म्हणाले माझ्या गल्लीत मी ही घेऊन फिरणार नाही, इथे मला सगळे शेठ म्हणतात. आमचा ट्रेनर हुशार, वाद घातलाच नाही, त्यांना रिक्षातून पार विश्रामबागेकडे नेलं जिथे ओळखीचं कोणी नाही, आणि तिथे शिकवायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून ट्रेनरला सांगितलं की आता दुकानापर्यंतचा रस्ता घेऊ. ते घरापासून दुकानापर्यंत एकटे गेले त्या दिवशी त्यांच्या मुलाला आनंद झाला की राग आला हे मला आजही नीट सांगता येणार नाही, तो ट्रेनरवर जाम ओरडला, पडले असते तर कोण जबाबदार म्हणून. त्याला समजावणं हाही आमच्या कामाचाच भाग, खरं तर सगळ्यात वेळखाऊ भाग. आता शेठ गल्ल्यावर बसतात. २० चं नाणं बाराकोनी आहे ते बोटाला लगेच कळतं, नोटांसाठी मोबाईलमध्ये रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप आहे, २०२० मध्ये आलेलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. गिऱ्हाईक घाईत असेल तर मुलगा बघतो, नाहीतर स्वतःच.

यात देणगीच्या काठीचा वाटा किती आणि ट्रेनरचा किती ते वाचकांनीच ठरवावं.

आणखी एक घोळ असतो तो थोडं दिसणाऱ्यांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि अंध म्हणून नोंद असलेल्यालाही ठार काळोख असतोच असं नाही, दृष्टीचा घेर दहा अंशांपेक्षा कमी असला तरी तो त्यात येतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणून आजार आहे, त्यात आधी रातांधळेपणा येतो आणि मग नजर कडेकडेने बंद होत जाते, शेवटी नळीतून बघावं तसं मधलंच दिसतं. असा पोरगा एसटी स्टँडवर मोबाईलवरचा मेसेज वाचू शकतो आणि पुढच्याच मिनिटाला समोर लावलेल्या मोटरसायकलला धडकतो. दोन्ही खरं असतं. पण लोकांना वाटतं नाटक करतोय. आमच्या एका मुलीला बसमध्ये राखीव सीटवरून उठवलं, का तर हातात काठी आणि नजर मोबाईलवर. तेव्हापासून ती काठी बॅगेत ठेवते, आणि मग धडपडते. पेपरने यावर कधीतरी अर्धं पान लिहावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता पैशाचं बोलतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. आमच्याकडे महिन्याला चारपाच वाढदिवस होतात. लोक केक आणतात, जेवण देतात, पुलाव आणि गुलाबजाम, मुलं खातात, गाणं म्हणतात. वाईट काहीच नाही त्यात. हिवाळ्यात ब्लँकेट येतात, इतकी की आम्ही पुढे दुसऱ्या संस्थेला देतो. पण ट्रेनरच्या पगारासाठी मदत करता का म्हटलं की समोरचा माणूस एकदम गप्प. पगार म्हटलं की लोकांना वाटतं संस्थावाले स्वतःच्या घशात घालतायत. मटेरियल सांगा म्हणतात, वस्तू देतो म्हणतात. अहो, आमच्या कामात वस्तू कमीच लागतात. ब्रेलची पाटी आणि स्टायलस एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. कॉम्प्युटर बोलका करणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनीच ते करायला घेतलं आणि आजही त्याला पैसे पडत नाहीत. पण ते शिकवायला बसतो तो माणूस फुकट कसा राहील, त्यालाही घरभाडं आहे, पोरांच्या फिया आहेत. आमचे आधीचे मोबिलिटीचे, म्हणजे काठीने एकट्याने फिरायला शिकवणारे, सर याच कारणाने सोडून गेले, मोठ्या शहरातल्या शाळेत लागले, त्यांचं काही चुकलं नाही.

सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा निधी सांभाळणारे, भेटतात तेव्हा अजून गंमत. एका कंपनीच्या साहेबांनी आमचा प्रस्ताव बघून सांगितलं की ॲडमिन खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही, तुमचा तर सत्तर टक्के पगारच आहे. आता नियम वाचला तर त्यातली पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनाची आहे, प्रकल्प प्रत्यक्ष राबवायचा खर्च त्यात धरतच नाहीत. ट्रेनर हाच आमचा प्रकल्प. हॉस्पिटलला देणगी देताना डॉक्टरचा पगार ॲडमिनमध्ये धरता का हो, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं. शेवटी त्यांनी स्मार्ट काठ्या देऊ केल्या, ती आयआयटी दिल्लीने बनवलेली, अल्ट्रासाऊंडवर चालते आणि गुडघ्याच्या वरचे अडथळे थरथरून सांगते. वस्तू चांगली आहे, टेम्पोच्या मागून बाहेर आलेल्या सळया किंवा अर्धवट उघडं शटर साध्या काठीला कळत नाही ते तिला कळतं. पण तीही साधी काठी आधी नीट येत असेल तरच उपयोगी पडते.

मला सुचतं ते सांगतो, पटलं तर बघा. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या भागात ते बरेचदा मार्चअखेरीला आठवतं आणि मग घाईघाईत वस्तूंची खरेदी किंवा खात्यावर थोडी रक्कम, मिटलं. एकेका ग्रामपंचायतीचे पाच टक्के म्हणजे हातात फार काही येत नाही हे खरं आहे. पण तालुक्यातल्या गावांनी मिळून त्यातला थोडा भाग बाजूला काढला आणि तालुक्याला एक मोबिलिटी ट्रेनर नेमला, जो मोटरसायकलवर गावोगाव जाऊन घरीच शिकवेल, तर काय हरकत आहे? गावात शिकवणं शहरापेक्षा वेगळं असतं हेही लिहून ठेवतो, तिथे फुटपाथ नाही, कडेला उघडी गटार आहे, बैल बांधलेला आहे, उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि पहिली गेली म्हणून पाऊल टाकलं तर दुसरी येते. शहरातलं पुस्तकी ट्रेनिंग तिथे पुरत नाही. ज्याने स्वतः त्या रस्त्यावर चालून बघितलंय तोच शिकवू शकतो.

शहरात फुटपाथवर बसवतात त्या उंचवटे असलेल्या पिवळ्या फरश्यांबद्दल पण दोन शब्द. त्या शोभेच्या नाहीत. १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामात सेइइची मियाके यांच्या फरश्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या, लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा आणि गोल टिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे ठेकेदार दोन्ही मिसळून बसवतो, रंग पिवळा झाला की बिल निघतं. एका ठिकाणी तर पट्ट्यांची लाईन सरळ इलेक्ट्रिकच्या डीपीत जाऊन संपते. जिथे बरोबर बसवल्यात तिथे वडापावची गाडी उभी. गाडीवाल्याशी आम्ही बोललो, तो बिचारा लगेच सरकला, त्याला ठाऊकच नव्हतं. असं कळत नाही म्हणून होणारं खूप असतं आणि ते बोलून सुटतं.

आणि एक विनंती शाळा-कॉलेजांना. डोळ्याला पट्टी बांधून चालायचे कार्यक्रम जरा कमी करा. पाच मिनिटं पट्टी बांधली की कोणालाही फक्त भीती वाटते, आणि मग पोरं बाहेर येऊन म्हणतात बापरे किती भयानक आयुष्य. शेठ रोज दुकानात जाऊन हिशेब घालतात, त्यांना कोणी भयानक म्हटलेलं आवडणार नाही. त्यापेक्षा परीक्षेच्या सीझनला लेखनिक म्हणून, म्हणजे आमची मुलं सांगतील ती उत्तरं लिहायला, या. दर मार्चमध्ये आमचा फोन सकाळपासून वाजतो, उद्या पेपर आहे आणि लेखनिक आयत्या वेळी आजारी पडला, कोणी मिळेल का. स्पर्धा परीक्षांना तर स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो ठरवून दिलेल्या कमी शिक्षणाचाच लागतो, शोधता शोधता नाकी नऊ येतात.

आमच्या इथल्या दोन मुली मोबिलिटीचा कोर्स करायला तयार आहेत, एकीला स्वतःला अर्धवट दिसतं, त्यामुळे ती जास्त चांगली शिकवेल असं मला वाटतं. त्यांची फी आणि नंतर दोन वर्षांचा पगार कोणी एकट्याने किंवा दहा जणांनी मिळून उचलला तर बघा. पैसे एकदम नकोत, महिन्याला द्या, काम बघून द्या, नाही आवडलं तर बंद करा. देणगीची पावती मिळेल, टॅक्समधल्या सवलतीसाठी लागणारं सर्टिफिकेट मात्र मे अखेरीस आमचं विवरणपत्र भरून झालं की येईल, त्यात थोडा उशीर झाला तर सांभाळून घ्या, सध्या ते कामही आमचा ट्रेनरच रस्त्यावरून आल्यावर संध्याकाळी बसून करतो.

आपला,
एक संस्थाचालक, सांगली