वेगळ्या उपासनेचा ठराव

जालना

प्रिय अभिषेक,

प्रभूच्या नावात प्रेमाचा सलाम.

फोनवर तू एवढा चिडला होतास की मी नुसतं ऐकून घेतलं. आता लिहिते.

तुमच्या मंडळीत इमॅन्युएल आणि इतर नायजेरियन मुलांसाठी दुपारची वेगळी उपासना सुरू करायचा कमिटीचा विचार आहे. कारण काय, तर त्यांची गाणी निराळी, त्यांना मोकळं वाटेल. पण त्या मुलांनी ती मागितलीच नाही, असं तूच म्हणालास. त्यांच्या शेजारी बाकावर कोणी बसत नाही, हेही तूच सांगितलंस. मग मोकळं कोणाला वाटणार आहे ते उघड आहे.

दक्षिण आफ्रिकेत असंच सुरू झालं होतं. 1857 साली तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप सिनडने, म्हणजे धर्मसभेने, ठराव केला. सगळ्यांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे, हे ठरावातच मान्य केलेलं. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळं बसवायला हरकत नाही, अशी सवलत त्यालाच जोडलेली. दुर्बल कोण, तर काळ्या विश्वासणाऱ्यांबरोबर प्रभुभोजन घेणं ज्यांना जड जात होतं ते गोरे! 1881 पर्यंत त्या सवलतीची वेगळी मंडळी झाली, आणि पुढे वर्णभेदाच्या राजवटीला याच चर्चमधून शास्त्राधार पुरवला गेला. अखेर 1982 मध्ये त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीनेच केप टाऊनजवळ बेलहारला विश्वासाची कबुली मांडली, की वंशावरून विश्वासणाऱ्यांना विभागणं शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. हे सगळं कमिटीत सांग. तुझ्याकडचे लोक वाईट नाहीत. केपचेही स्वतःला वाईट समजत नव्हते.

कोणी अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चचं उदाहरण देईल, तर गोंधळू नकोस. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि त्याच्या सोबत्यांचा प्रार्थनेत असताना अपमान झाला, त्यांना गुडघ्यांवरून उठवायला आले, तेव्हा ते उठून बाहेर पडले. पुढे 1816 मध्ये त्यांनी आपलं स्वतंत्र चर्च उभं केलं. हाकललेल्याने आपलं घर बांधणं वेगळं आणि घरच्याने त्याला पडवी दाखवणं वेगळं.

आता आपलं. नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण, 1843 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी आपल्या जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि ज्यांना गावात पाणवठ्याला हात लावू देत नव्हते ती माणसं तिथे राहायला आली. हा वारसा आपण वर्धापनदिनी भाषणात सांगतो. आणि सोयरीक जुळवताना? मुलाचं शिक्षण, नोकरी विचारून झाली की आवाज खाली करून विचारतात, “पण मूळचे कोण?” चार पिढ्यांपूर्वीचं मूळ. ज्यांना जातीने छळलं त्यांच्याच घरात हा प्रश्न टिकून आहे, याचा मला जास्त राग येतो. तेव्हा कमिटीत बोलताना ‘तुम्ही गोऱ्यांसारखे वागता’ असं म्हणू नकोस. ‘आपण आपल्या गावासारखे वागतो’ असं म्हण. ते त्यांना कळेल.

आणि चारचौघांत म्हण. बायबलमध्ये बघ, अंत्युखियात प्रेषित पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची यहूदी माणसं आली तसा मागे सरला. पौलाने ते सर्वांसमोर त्याच्या तोंडावर सांगितलं. मागाहून कुजबुज केली नाही. भांडण देवाच्या प्रीतीवरच्या शिकवणीवरून नव्हतं, जेवायला कोणाशेजारी बसायचं यावरून होतं.

‘ऐक्याचा रविवार’ वगैरे काढू नका. त्या दिवशी त्या मुलांना त्यांचे पोशाख घालून नाचायला लावतील, फोटो काढतील, आणि पुढच्या रविवारी बाक पुन्हा रिकामा. प्रेषितांच्या कृत्यांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर उठली, तेव्हा सात जण निवडले गेले. त्यांची नावं वाच, स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. तुम्हीही त्यांच्यातल्या एकाला कमिटीत घ्या, शास्त्रवाचन द्या, सकाळच्याच उपासनेत त्यांचं एक गाणं बसवा.

खोलीचंही बघ. भाड्याच्या जाहिरातीत ‘रिकामी’ असलेली खोली इमॅन्युएल दारात गेला की भरलेली असते म्हणालास ना? पुढच्या वेळी तू आणि पाळकसाहेब दोघे त्याच्याबरोबर जा. कोणी हसत हसत त्याला ‘काळ्या’ म्हटलं, तर तिथल्या तिथे अडव.

नाताळात त्याला घरी आण. मोठ्या मावशीची सून आधी त्याच्या केसांबद्दल विचारील, मग जेवणात काय चालतं ते. तिला उत्तर द्यायचं काम माझ्याकडे. बैठकीची तारीख ठरली की कळव. ठरावाच्या बाजूने कोण कोण आहे तेही लिही.

तुझी,
आई