देवगडच्या सर्व्हरवाल्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

वाडीतली घरं आजही इन्व्हिडियसवरून, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या यूट्यूबच्या पर्यायी पानावरून, व्हिडिओ बघतात ती तुमच्यामुळे. डबलबारी भजन लावणाऱ्या आजीला गूगलचं खातं काढावं लागत नाही, अभ्यासाचा व्हिडिओ शोधणाऱ्या पोरांना जाहिराती बघाव्या लागत नाहीत. वाडीतर्फे मनापासून आभार.

सर्व्हर घरच्या फायबरवर आणलात, हा निर्णय सगळ्यात मोलाचा. भाड्याच्या सर्व्हरांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे ओळख-क्रमांक) यूट्यूब बऱ्याचदा अडवतं आणि 'बॉट नाही हे लॉगिन करून सिद्ध करा' असं सांगतं. अडथळा पत्त्यावर असतो, त्यामुळे इन्व्हिडियस कितीदाही नव्याने टाकलं तरी तो हटत नाही. सर्व्हर जगाला खुला न करता वायरगार्डमागे (खाजगी, कुलूपबंद जोडणीमागे) वाडीपुरता ठेवलात, तेही बरोबरच. एका पत्त्यावरून शेकडो जण बघू लागले की घरचा पत्तासुद्धा अडू शकतो.

कम्पॅनियनबद्दल तुम्ही लिहून दिलेला कागद तर प्रत्येक नव्या सर्व्हरवाल्याने भिंतीवर लावावा असा आहे. यूट्यूबला लागणारं पीओ टोकन, म्हणजे आपण बॉट नसल्याचा पुरावा, कम्पॅनियन हा इन्व्हिडियससोबत चालणारा वेगळा प्रोग्राम तयार करतो. त्याची चावी नेमकी १६ अक्षरांची हवी आणि इन्व्हिडियसच्या सेटिंगमध्येही तीच हवी; एक अक्षर इकडेतिकडे झालं की व्हिडिओ लागत नाही. ४०३, म्हणजे यूट्यूबचा नकार, आला तर काय बघायचं, हेही त्यात आहे. व्हिडिओचा दुवा ज्या आयपीने मागितला त्यालाच बांधलेला असतो. सर्व्हरने मागितला आणि घराबाहेरच्या मोबाईलने थेट उघडला, तर नकारच येणार. म्हणून व्हिडिओ सर्व्हरमार्फतच आणणारा 'लोकल' पर्याय चालू ठेवायचा. सर्व्हरचा आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी) पत्ता बदलायचा तर रात्री, कारण मध्येच बदलला तर चालू व्हिडिओ तुटतो. इन्व्हिडियस दिवसातून एकदा तरी, जमल्यास दर तासाला, पुन्हा सुरू करायचं.

गूगलला घरचा पत्ता तरीही दिसतो, फक्त कोण बघतंय ते कळत नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटा दिलासा दिला नाहीत, म्हणून विश्वास बसला.

पावसाळ्याची तयारी आम्हाला सुचलीच नसती. मिरगाच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाते आणि मेमरी कार्डावरचा, इन्व्हिडियसची माहिती साठवणारा पोस्टग्रेस डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहतो. तुम्ही एसएसडी लावली, राउटर आणि फायबरची पेटीही इन्व्हर्टरवर घेतली, आणि खाऱ्या हवेने गंजणाऱ्या पिना दर काही महिन्यांनी पुसता. इन्व्हिडियस ज्यात चालतं त्या डॉकरच्या 'डाउन' (बंद करा) आदेशाला 'व्ही' जोडला की डेटाबेस पुसला जातो, ही तुमची ताकीद आता सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक घराने आपल्या सबस्क्रिप्शनची फाईल उतरवून ठेवली आहे.

इन्व्हर्टरची बॅटरी यंदा वाडी घेणार आहे. किती अँपिअर-अवरची लागेल तेवढं मे महिन्याआधी कळवा.

आपले,
वाडीतले सगळे