निळ्या शाईतला ११८

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने मी तुला पत्र लिहिले नाही, फोन केला नाही, आणि तुझे दोन निरोप आले त्यांनाही उत्तर दिले नाही. मी रागावलो होतो हे तुला ठाऊक आहे. अण्णा अतिदक्षता विभागात असताना बाहेरच्या बाकावर तू म्हणालास, "हे वीस वर्षांपूर्वी थांबवता आले असते," आणि ते वाक्य मी मनात धरून बसलो. ते खोटे आहे असे मला तेव्हाही वाटले नव्हते. पण तिथे, त्या रात्री ते ऐकणे मला सोसले नाही. आज लिहितो आहे, कारण अण्णांच्या सामानात एक कागद सापडला आहे आणि तुझ्याखेरीज तो कुणाला दाखवावा हे मला सुचत नाही.

घरी सर्व ठीक आहे. आईचा गुडघा पूर्वीप्रमाणेच.

झाले असे, की गेल्या महिन्यात मी रक्त तपासून घेतले. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी तपासणी असते, ती ६.१ आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा पट्टा, ६.५ पासून मधुमेह. डॉक्टरांनी विचारले, वडिलांना कधीपासून होता? मला सांगता येईना, म्हणून ती खाकी फाइल काढली. डायलिसिसच्या दिवशी तू काखेत धरून फिरायचास, तीच. तिच्या अगदी तळाशी, गंजलेल्या टाचणीने अडकवलेला, २००४ सालचा अहवाल आहे. उपाशीपोटी साखर ११८. आकड्याभोवती निळ्या शाईचे वर्तुळ आणि बाजूला डॉक्टरांच्या अक्षरात: 'बॉर्डरलाइन. आहार, व्यायाम. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे.' त्यापुढचा अहवाल थेट २०११ सालचा. मधला एखादा कागद गहाळ झाला असेल म्हणून मी सगळी फाइल जमिनीवर पसरून तारखांप्रमाणे लावली. मधली सात वर्षे कोरीच निघाली.

विनायक, मला ती संध्याकाळ आठवते. अण्णा दारातूनच म्हणाले, "बॉर्डरलाइन आहे, म्हणजे अजून काही नाही," आणि घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले, मलाही. आता कळते, की त्या पट्ट्यात पोचेपर्यंत शरीरात बरेच काही होऊन गेलेले असते. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, स्वादुपिंड जादा राबून ती तूट भरून काढते, आणि माणसाला कसलाच त्रास जाणवत नाही. मूत्रपिंडांचेही तसेच, बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे झिजत राहतात, पण ती तक्रार करत नाहीत, आणि करतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. सर्वात जास्त काही करता येण्याजोगा काळ म्हणजे हाच, कसलीच लक्षणे नसलेला.

आणि हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते असेही नाही. अमेरिकेत याच सीमेवरच्या ३,२३४ माणसांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली, म्हणजे अण्णांच्या त्या कागदाच्या दोन वर्षे आधी छापून आले होते. एका गटाला सात टक्के वजन उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा एवढेच उद्दिष्ट दिले होते. सरासरी तीन वर्षेही झाली नव्हती, तोवर त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. साठीपुढच्या माणसांना तर चालण्या-खाण्यातल्या बदलाचा लाभ याहूनही अधिक झाला. हे वाचल्यावर मी बराच वेळ तो ११८ चा आकडा बघत बसलो. तुझे वाक्य खरे होते.

पण अर्धेच, आणि यावर मी आजही तुझ्याशी भांडणार आहे. त्या प्रयोगातल्या आहार-व्यायामाच्या गटात प्रत्येकाला मार्गदर्शन करणारे एक माणूस नेमून दिलेले होते. पहिल्या चोवीस आठवड्यांत समोरासमोर बसून सोळा पाठ होत. काय खाल्ले, किती चाललो, घसरलो तर का घसरलो, हे विचारणारे कुणीतरी होते. अण्णांच्या हाती दोन शब्द पडले, 'आहार, व्यायाम', आणि ते कसे करायचे हे कुणी सांगितले नाही. आम्हीही त्यांच्या चहातली साखर काढली आणि कर्तव्य झाले असे समजलो. बाकी ताट तेच, रात्री उशिराचे जेवण तेच, जेवणानंतरची खुर्ची तीच. थांबवता आले असते हे खरे, पण एकट्या अण्णांना नव्हे. तू दोष त्यांच्या माथी मारलास असे मला वाटले होते, म्हणून मी गप्प झालो.

चीनमध्ये दाचिंग शहरी १९८६ साली असाच प्रयोग सुरू झाला होता. सहा वर्षे आहार आणि व्यायाम सांभाळलेल्या गटांतल्या माणसांचा माग तीस वर्षे घेतला, तेव्हा त्यांना मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले. चार वर्षे, विनायक. अण्णा डायलिसिसवर तीन वर्षे होते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आणि त्यांतले निम्मे तास तू उशाशी होतास.

माझे म्हणशील तर माझे वजन ८२ किलो, म्हणजे सात टक्के होतात पावणेसहा किलो. पैकी दोन उतरले. ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा, कारण तंतुमय अन्नाने साखर रक्तात सावकाश मिसळते. रात्री एकपर्यंत जागणे बंद केले. झोप अपुरी झाली की इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद काही दिवसांतच मंदावतो. आणि जेवण झाले की पंधरा मिनिटे चालतो. चालता स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतो, हे मला सर्वात आवडलेले ज्ञान. शाळेच्या मैदानावर तू मागून "पाय उचल, श्रीधर!" म्हणून ओरडायचास, ते रोज रात्री फाटकाशी ऐकू येते.

आता तुझ्याविषयी. कन्येला नोकरी लागल्याचे कळले, तिला आशीर्वाद; वहिनींना नमस्कार; बदलीचे काय झाले ते कळव. आणि जुने भांडण पुन्हा उकरतो: तू बाकावर ते वाक्य बोललास तेव्हा तुझ्या खिशात सिगारेटचे पाकीट होते. सोडल्यापासून वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. तुझ्या आईलाही मधुमेह होता. तू शेवटचे रक्त कधी तपासलेस, ते याच आठवड्यात लिही.

मला मात्र तुझ्याकडून एक हवे आहे. अण्णांना जे माणूस मिळाले नाही, ते तू मला हो. दर रविवारी फोन करून विचार, या आठवड्यात किती दिवस चाललास? माझी पुन्हा तपासणी मार्चच्या दुसऱ्या सोमवारी आहे. तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने लिहून ठेवली आहे. आदल्या रात्री आठवण दे, आणि कामाचे निमित्त सांगू लागलो तर बाकावर बोललास तसाच बोल. या वेळी मी ऐकून घेईन.

तुझा,
श्रीधर