फक्कीची रेघ आखणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

घरी येऊन आभार मानले असते, तर तुम्ही चहा टाकायला सांगून विषय बदलला असता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे या वर्षी डॉक्टरांनी तुम्हाला वाकून काम करण्याची मनाई केली आणि क्लबचे फुटबॉल मैदान आखण्याचे काम पहिल्यांदाच आम्हा चौघांकडे आले. एखाद्या पोराच्या हाती टेपचे टोक देऊन तुम्ही जे काम एका सकाळी उरकत होता, त्याला आम्हाला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशीची बाजूची रेघ गोलपोस्टमागून पाहिली, तर ती हातभर तिरकी गेलेली. तेव्हा कुठे क्लबच्या खोलीतल्या खुंटीवरची तुमची सुंभाची दोरी आठवली. तीन, चार आणि पाच मीटरांच्या बाजू होतील अशा बेताने तिला गाठी मारलेल्या आहेत आणि ती त्रिकोणात ताणली की कोपरा आपोआप गुण्यात, म्हणजे काटकोनात, येतो. मधोमध खुंटी ठोकून ९.१५ मीटरांच्या दोरीने वर्तुळ फिरवणे, गोलरेषेपासून ११ मीटरांवर पेनल्टीचा ठिपका देणे, १६.५ मीटरांची डी, म्हणजे गोलसमोरचे पेनल्टी क्षेत्र, आखणे हे सारे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. पण पाहणे आणि उन्हात वाकून करणे यांतले अंतर आम्हाला या दोन दिवसांत कळले.

गडहिंग्लजमध्ये दिवाळीच्या फराळाबरोबर फुटबॉल येतो. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर बाहेरगावचे संघ उतरतात आणि कोणी कोणत्या कोपऱ्यातून कसा गोल मारला, हे लोक वर्षानुवर्षे सांगत राहतात. ते गोल ज्या रेघांमध्ये झाले, त्या आखणाऱ्याचे नाव मात्र ध्वनिक्षेपकावर घेतले गेल्याचे मला आठवत नाही. आम्ही खेळाडूंनीही ते कधी घेतले नाही, याची मला आज मनापासून खंत वाटते.

मी गोलरक्षक होतो, म्हणून एक आठवण मला विशेष मोलाची आहे. एका वर्षी पैसे वाचवण्यासाठी फक्कीऐवजी, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीऐवजी, चुना वापरावा, असे बैठकीत ठरत आले होते. तुम्ही एरवी बैठकीत बोलत नसत, त्या दिवशी मात्र उभे राहिलात. ओल्या मैदानावर चुना अंगाला भाजतो, डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका होतो आणि गोलरेषेवर तोंडघशी पडणारा पोरगा आपलाच असतो, एवढेच तुम्ही सांगितलेत आणि फक्कीची पोती स्वतःच्या पैशांनी आणलीत. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर कितीतरी वेळा मी त्या रेषेवर डोळे उघडे ठेवून झेपावलो आणि त्यामागे कोणाचा विचार होता, हे आठवण्याची गरज मला कधी वाटली नाही.

उसवलेले चेंडू मेणाच्या दोऱ्याने शिवणे, सामना संपल्यावर जाळी उतरवून कोरडी करून ठेवणे, वर्गणीचा पै-पैचा हिशेब लिहिणे, यांबद्दलही लिहिता येईल. चाळीसहून अधिक वर्षे तुम्ही हे केलेत आणि स्वतः क्लबकडून एकही सामना खेळला नाहीत. तरीही, रविवारी जेमतेम दहा माणसांपुढे होणाऱ्या मुलांच्या सरावसामन्यालाही तुम्ही अंतिम सामन्याइतकीच काटेकोर रेघ आखत होता, याचे मला सर्वाधिक अप्रूप आहे. त्या मुलांत मीही होतो. आपला खेळ कोणीतरी गांभीर्याने घेत आहे, हे आम्हाला त्या रेघेकडे पाहूनच समजत असे.

आबा, या साऱ्यासाठी मी तुमचा अत्यंत ऋणी आहे. खोलीची किल्ली तुम्ही आमच्याकडे पाठवलीत, पण ती आम्ही तुमच्याच घरी ठेवणार आहोत आणि दर वेळी मागून नेणार आहोत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता तुम्हाला न्यायला गाडी येईल. खुर्ची मैदानाच्या कडेला मांडलेली असेल. टेपचे एक टोक मी धरेन; उत्तरेकडच्या डीचा कोपरा अजून थोडा चुकल्यासारखा वाटतो, तो तुम्ही पाहून सांगावा.

तुमचा,
क्लबचा एक जुना गोलरक्षक