नुकसान कसणाऱ्याचे, अनुदान सातबाऱ्याला

महोदय,

सप्टेंबर 2025 मधल्या अतिवृष्टीच्या अनुदानाबद्दल याद्या, केवायसी, फार्मर आयडी यांवर पुष्कळ छापून आले. पण ज्यांचे नाव यादीत येऊच शकत नाही, त्या ठोक्याने (ठरलेली रक्कम देऊन) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याचे रान करणाऱ्यांबद्दल चार ओळीही वाचनात आल्या नाहीत.

आमच्या औसा भागात नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्यांची जमीन गावातलाच कुणीतरी करतो. ठोक्याची बोली पाडव्याला होते, तीही तोंडी. बी, खत, फवारणी, काढणी, सगळे ठोकेदाराच्या अंगावर. ई-पीक पाहणीचा, म्हणजे सरकारी ॲपवरच्या पीकनोंदीचा, फोटोसुद्धा तोच रानात उभा राहून स्वतःच्या मोबाइलवरून काढतो. ॲपमध्ये खातेदार म्हणून नाव मात्र मालकाचे निवडतो, कारण तिथे दुसरे नाव नसतेच. परवा सोयाबीन पाण्यात गेले, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, तेव्हा पंचनाम्याला तलाठ्याच्या मागे चिखलातून फिरला तोच. आणि हेक्टरी साडेआठ हजार जमा झाल्याचा मेसेज गेला मालकाला. एखादा मालक निम्मे देतो, क्वचित कुणी सगळेही देतो. तो त्याचा मोठेपणा. सरकारदरबारी मात्र ठोकेदाराचे काही बुडालेलेच नाही!

पीएम-किसानचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या ‘नमो’ शेतकरी योजनेचे तेवढेच जमीनधारकाला मिळतात, त्यावर माझे फारसे म्हणणे नाही. ती योजनाच तशी आखली आहे. पण नुकसानभरपाई ही पिकाची असते, जमिनीची नव्हे.

मालक कागद का करून देत नाहीत, हे गावात पोराटोरालाही ठाऊक आहे: कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळ कायदा लागू आहे आणि त्याची धास्ती तिसऱ्या पिढीतही गेलेली नाही. पीकविम्यात ठोकेदाराला भाग घेता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो कोण करून देणार? प्रत्यक्ष कसणारा वेगळा असेल तर त्याची नोंद गाव नमुना 7-ब मध्ये घेण्याची सोय महसूल खात्याकडे पूर्वीपासून आहे. पण त्या नोंदीचा नुसता विषय काढला तरी मालक दुसऱ्या वर्षी रान काढून घेतो.

यावर तोड निघू शकते. नीती आयोगाने 2016 मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कायदा करून कसणाऱ्यांना 11 महिन्यांची कार्डे द्यायला सुरुवात केली. त्याने मालकी हक्काला धक्का लागत नाही आणि कार्डावर पीककर्ज, विमा, भरपाई मागता येते. तिथेही मालकाची संमती लागते, ती सगळेच देत नाहीत, त्यामुळे तो काही रामबाण उपाय नव्हे. तरी आपल्याकडे तेवढेही झालेले नाही.

कूळ कायद्याला हात लावायची सरकारची तयारी नसेल तर नसो. पुढच्या खरिपाआधी ई-पीक पाहणीत ‘प्रत्यक्ष लागवड करणारा’ असा एक रकाना घालावा, ही नोंद फक्त भरपाईपुरती असून तिने कोणताही कूळहक्क मिळणार नाही असे शासन निर्णयातच स्पष्ट लिहावे आणि पंचनाम्याचे पैसे त्या नावावर पाठवावेत. मालकांची भीती घालवायची असेल, तर तलाठ्याने ग्रामसभेत तो निर्णय वाचून दाखवावा.

एक शेतकरी वाचक,
ता. औसा, जि. लातूर