पाल्हाळ गाळू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार

प्रिय सुधीर,

वाचनकट्ट्यासाठी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी घेतलीस, झकास केलंस. पण पाल्हाळाची पानं गाळून ‘सामाजिक भाग’ तेवढाच वाचणार म्हणतोस, तिथंच फसशील लेका. हरिभाऊंचा समाज त्या पाल्हाळातच बसलाय. म्हणून संक्षिप्त आवृत्ती कुणी आणली तर बाजूला ठेवायला सांग. पूर्ण आवृत्तीसाठी करवीर नगर वाचन मंदिरात विचार.

हा पाल्हाळ आला कुठून? ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली निघालं आणि कादंबरी त्यात हप्त्याहप्त्यानं आली. पुस्तक १८९३ चं. आठवडाभरानं वाचणाऱ्याला मागचं आठवून द्यावं लागतं, म्हणून स्वतःची कहाणी सांगणारी नायिका यमू पुन्हा पुन्हा वाचकाशी बोलते. पाच बैठकी धर आणि एका दमात फार पानं उरकू नकोस, नाहीतर ही पुनरुक्ती कंटाळवाणी होते आणि दोष हरिभाऊंच्या माथी जातो.

पहिल्या वाचनात काहीच टिपायचं नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घे आणि समासात फक्त खुणा कर: कोण कुठं बसलंय, कुणासमोर कोण बोलत नाही, खर्च कोण करतो, मुलीचं वय काय. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचं. मधल्या दाराआड उभं राहून कानावर पडतं, तेवढंच यमूला जगाचं ज्ञान. भाषेकडंही बघ. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्या काळची बाई ‘तिकडून येणं झालं’ असं बोलायची. माणूस वाक्यातून नाहीसा, आणि धाक मात्र घरभर! यावर एक अख्खी बैठक घालव, वाया जाणार नाही.

मुंबईच्या बिऱ्हाडाचा भाग आला की वाचणारे सुखावतात आणि ‘सुधारणा झाली’ म्हणून मोकळे होतात. त्यांना विचार, हे पुण्याच्या वाड्यात का जमलं नाही? नवराबायको तीच, पुस्तकंही तीच. फरक बिऱ्हाडाचा. तिथं वडीलधारी डोक्यावर नाहीत, चूल वेगळी आहे, शेजार सुधारकांचा आहे. म्हणूनच नवरा गेल्यावर हे सगळं एका फटक्यात संपतं. यमूच्या हातात ना पैसा, ना घर. तिला परत सासरच्या शंकरमामंजींच्या तावडीत जावं लागतं आणि पुढं जबरदस्तीचं केशवपन. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ चा! कायदा होता, पण त्याचा आधार घ्यायला तिच्या पाठीशी उभं कोण होतं? संमतिवयाचा कायदा १८९१ चा, मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहावरून बारावर नेणारा, म्हणजे कादंबरी छापून येत असतानाचाच. पण ही सनावळी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहू नकोस. लिहिलीस की लोक कादंबरी सोडून त्या वादाची उजळणी करतात.

आणखी एक चूक हमखास होते: ‘त्या काळची मराठी बाई’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधणं. यमूचं घर पुण्यातलं, ब्राह्मणी, मध्यमवर्गीय. आपल्याकडच्या कितीतरी जातींत पाट, म्होतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न चालत होतं. तिथं विधवेचं दुःख वेगळ्या तऱ्हेचं. कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांत मात्र पाट वर्ज्य. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवाविवाहाचा कायदा केला, तेव्हा त्यांच्यासमोर ही सगळी सरमिसळ होती. कट्ट्यावर शेतकरी घरातलं कुणी असेल तर त्यालाच आधी बोलू दे. पुस्तकात काय आलेलं नाही, ते त्याला चटकन दिसेल.

यमूची मैत्रीण दुर्गी, तिची पानं तिसऱ्या बैठकीला ठेव. ती विधवा नाही, तिचा नवरा जिवंत आहे, तरीही तिचे हाल संपत नाहीत. प्रश्न फक्त वैधव्याचा नाही, हे मग तुला सांगावं लागणार नाही.

कट्टा कुठल्या वारी आहे ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक