आप्पांना तूच फोन कर

कांदिवली, मुंबई

प्रिय शुभे,

आम्ही बरे, आईचा गुडघा तसाच. पत्र आप्पांबद्दल आहे. दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुला लिहितेय.

परवा एस. व्ही. रोडवर आप्पा गाडी चालवत होते, मी शेजारी. स्टॉपवर बस उभी होती. तिच्या पुढून एक कॉलेजातली मुलगी मोबाईल कानाला लावून सरळ रस्त्यात आली. मी ओरडले, तेव्हा ब्रेक लागला. बंपर आणि तिच्या ओढणीत हातभर अंतर राहिलं. पोरगी सुखरूप गेली. पण शुभे, आप्पा! "उभ्या बसच्या पोटाखाली बघा, पाय दिसतात का," हे आपल्याला शिकवलं कुणी? घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

बॅलार्ड इस्टेटमधले ते रविवार आठवतात ना? आप्पांच्या टॅक्सीत गाडी शिकणाऱ्या आपण दोघी, आणि त्यांचं ते "बोल, बोल!" दिसतंय ते आणि आता होणार ते, सगळं मोठ्याने बोलत चालवायचं. फुटपाथवर कुणाचा हात वर गेला की पुढची टॅक्सी डावीकडे घुसणार. उभ्या गाडीचं पुढचं चाक वळलेलं दिसलं की ती बाहेर निघणार. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. जरा गप्प झालं की डॅशबोर्डवर टिचकी! तू तर व्हिक्टोरियाच्या घोड्यालाही हॉर्न मारायचीस. (आणि क्लच तूच जाळलास. मी जाळला हे मी अजून मान्य केलेलं नाही, करणारही नाही.)

दादा म्हणतो, वय झालं, किल्ली काढून घेऊ. मला मात्र तो रस्ता पुन्हा पुन्हा आठवतोय. ती बस लो-फ्लोअर होती गं. तिच्याखालून पाय दिसायचेच नाहीत. आता कॅब फोनवर बोलावतात, हात वर करतो कोण? ती मध्येच गपकन थांबते. बॅटरीच्या स्कूटर उलट्या दिशेने येतात, आवाज नाही की काही नाही, आणि आप्पा तर अर्धी गाडी कानाने चालवायचे. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटच्या फियाट टॅक्सीची 20 वर्षांची मुदत भरली, तेव्हा लोकांनी फोटो काढले. आप्पा ज्या खुणा वाचत लालबाग ते विमानतळ फिरले, त्या केव्हा गेल्या ते कुणाला कळलंही नाही.

पण वयही आहेच, ते मी कसं नाकारू? नजरेच्या कडेला हललेलं आता उशिरा टिपलं जातं, आणि ताशी 40 ने गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. ह्यातलं वयाचं किती आणि रस्त्याचं किती, हे ठरवायचं कसं? त्यातच लायसन्स रिन्यू करायची वेळ आलीय. डॉक्टर नमुना 1-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, भरून देतील: 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतो का. आप्पा दोन्हीत पास होतील. बसपुढून कोण येईल हे त्या कागदावर कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे ब्रिटनमध्ये लायसन्सच्या परीक्षेत ते विचारतात. तूच सांगितलं होतंस ना, 14 व्हिडिओंत 15 धोके, धोका तयार होताना दिसला की क्लिक, लवकर ओळखला तर 5 गुण, 75 पैकी 44 ला पास. "हे तर आप्पांचंच बोल-बोल आहे," म्हणाली होतीस. मी ते त्यांना सांगितलं, तर दिवसभर खुशीत होते.

म्हणून एक कर. त्या परीक्षेच्या सरावाचे व्हिडिओ त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखव. रस्ते तिकडचे असले तरी तुम्हीही डावीकडूनच चालवता. त्यांना बोलू दे. तू नुसतं ऐक, आणि कुठे गप्प होतात ते मला सांग. मी विचारलं तर चिडतील. तुझ्यापुढे ते अजून मास्तर आहेत. आणि खरंच गप्प होत असतील, तर किल्ली मी मागेन. दादाला मागू देणार नाही.

नवी नोकरी कशी आहे? ईशानच्या परीक्षा आटोपल्या का? गणपतीला येणार होतीस, तिकीट काढलंस का ते कळव.

फोन शनिवारी, आमच्या संध्याकाळी पाचला कर. तेव्हा चहा झालेला असतो आणि दादा घरात नसतो.

तुझी,
माधवी